ऑस्करला घर हवे, पण केवढे?

शोभेच्या माशांच्या दुकानात गप्पी, निऑन टेट्रा यांच्या शेजारी काळ्या-नारिंगी नक्षीची, जेमतेम दोन इंचांची ऑस्करची पिल्ले हमखास दिसतात. पाळणाऱ्या माणसाला ओळखू लागणारा, हातातून खाद्य घेणारा हा मासा हौशी मंडळींचा लाडका आहे. तो घरच्या मत्स्यालयात दाखल होतो आणि काही महिन्यांतच टाकीतले लहान मासे एकेक करून नाहीसे होऊ लागतात.

यात ऑस्करचा दोष नाही. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, संथ पाण्यात राहणारा हा सिक्लिड कुळातील मासा कीटक, कोळंबीसारखे जीव आणि लहान मासे यांवर जगतो. तोंडात मावेल ते भक्ष्य, हा त्याचा साधा नियम. पूर्ण वाढ झाल्यावर तो ३० सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो आणि नीट सांभाळल्यास १० वर्षांहून अधिक जगतो.

म्हणूनच सोबती निवडताना माशांचा आजचा नव्हे, तर पूर्ण वाढीचा आकार पाहावा. सिल्व्हर डॉलर, सेव्हरम किंवा मोठ्या जातीचा प्लेको यांच्याशी ऑस्करचे बहुधा जमते. मात्र अंडी घातल्यावर नर आणि मादी दोघेही पहारा देतात व इतरांना जवळ फिरकू देत नाहीत. अशा वेळी सोबत्यांना हलवण्यासाठी दुसरी टाकी हाताशी असावी.

खरी कसोटी पाण्याची. विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. तोवर मासे आणण्याची घाई करू नये. साचणारे नायट्रेट कमी करण्यासाठी दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आधी क्लोरीनमुक्त करून घ्यावे.

दोन फूट लांब आणि एक फूट रुंद व उंच अशा टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. एकट्या ऑस्करलाच ३०० लिटरच्या आसपास पाणी हवे. सोबती असल्यास त्याहून अधिक. ३०० लिटर पाण्याचे वजनच ३०० किलो भरते. काच, वाळू आणि दगडांचे वजन वेगळे. सदनिकेत एवढा भार कोठे ठेवायचा, याचा विचार आधीच व्हायला हवा.

जागा अपुरी पडली म्हणून मासा तळ्यात किंवा नदीत सोडणे, हा उपाय नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडात बाहेरून आलेले ऑस्कर १९५० च्या दशकापासून मोकळ्या पाण्यात स्थिरावले आहेत. परका शिकारी मासा स्थानिक माशांच्या मुळावर येऊ शकतो. नको असलेला ऑस्कर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी व्यक्तीकडे सोपवावा. त्याहून उत्तम म्हणजे, पिल्लू विकत घेण्यापूर्वी घरातील जागा मोजावी.