प्रतिमा-प्रक्रियेद्वारे वाहतूक निरीक्षण व वाहन-ओळख : वारूळवाडी परिसरातील महामार्गाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : प्रतिमा-प्रक्रिया, पार्श्वभूमी वजाबाकी, वाहन-ओळख, थांबलेले वाहन, पुणे–नाशिक महामार्ग.

प्रस्तावना

पुणे–नाशिक राष्ट्रीय महामार्ग पूर्वी क्रमांक ५० म्हणून ओळखला जात असे. आता त्याचा क्रमांक ६० आहे. जुन्नर तालुक्यात तो नारायणगाव व त्यास लागून असलेल्या वारूळवाडीच्या परिसरातून जातो. येथील वाहतूक एकजिनसी नाही. लांब पल्ल्याचे ट्रक, एस. टी. गाड्या, टोमॅटोचे क्रेट भरलेले पिकअप, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि दुचाकी एकाच रस्त्यावरून निरनिराळ्या वेगाने जातात. दि. १७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावजवळ याच महामार्गावर एका प्रवासी वाहनास टेम्पोने मागून धडक दिली व ते वाहन पुढे उभ्या असलेल्या बसवर आदळले. या अपघातात नऊ जणांचा मृत्यू झाला.

कॅमेऱ्याद्वारे वाहतुकीचे निरीक्षण म्हटले की धावणारी वाहने मोजणे व वेगमर्यादा मोडणाऱ्यांस पकडणे एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु आपल्या परिसरात उभे वाहनही तितकेच धोक्याचे ठरते. संगणक वाहन कसे ओळखतो, थांबलेले वाहन त्याच्या दृष्टीतून का निसटते व त्यावर उपाय कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्रतिमा म्हणजे संख्यांची सारणी

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र ही संख्यांची सारणी होय. ६४० स्तंभ व ४८० ओळींच्या चौकटीत ३,०७,२०० बिंदू असतात. करड्या छटेच्या प्रतिमेत प्रत्येक बिंदूस ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांपैकी एक मूल्य मिळते. सेकंदाला २५ चौकटी टिपणारा कॅमेरा अशा रीतीने दर सेकंदास ७६,८०,००० संख्या संगणकाकडे पाठवितो. त्यांतून ‘येथे वाहन आहे’ असा निष्कर्ष काढणे हे प्रतिमा-प्रक्रियेचे कार्य आहे.

२. पार्श्वभूमी वजाबाकी

यासाठीची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे पार्श्वभूमी वजाबाकी. रिकाम्या रस्त्याची प्रतिमा साठवून ती प्रत्येक नव्या चौकटीतून वजा केली जाते. समजा, डांबरी रस्त्यावरील एका बिंदूचे मूल्य ९० आहे व तेथे पांढरा पिकअप आल्यावर ते २१० झाले. फरक १२० आला. हा फरक ३० या ठरविलेल्या उंबरठ्याहून अधिक असल्याने तो बिंदू वाहनाचा मानला जातो. असे लगतचे बिंदू एकत्र केले की वाहनाचा आकार मिळतो.

मात्र ऊन-सावली बदलते, ढग येतात, संध्याकाळ होते. त्यामुळे साठविलेली पार्श्वभूमी सतत अद्ययावत करावी लागते. त्यासाठी प्रत्येक चौकटीनंतर जुन्या पार्श्वभूमीचा ०.९९ भाग व चालू प्रतिमेचा ०.०१ भाग यांची बेरीज घेतात. हलणारी पाने यांसारख्या अडचणींसाठी स्टॉफर व ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये प्रत्येक बिंदूस अनेक संभाव्य मूल्यवाटणी देणारी पद्धत मांडली. ती आजही प्रचलित आहे.

३. थांबलेले वाहन अदृश्य का होते?

वरील पिकअप रस्त्यातच बंद पडला असे मानू. दर चौकटीस पार्श्वभूमी त्याच्या रंगाकडे सरकते आणि १२० चा फरक ०.९९ पटीने घटत जातो. १३८ चौकटींनंतर तो ३० च्या खाली येतो. म्हणजे सुमारे साडेपाच सेकंदांत संगणक त्या पिकअपला रस्त्याचाच भाग समजू लागतो. मागून येणाऱ्या वाहनास धोका तसाच राहतो. यंत्राच्या नोंदीत मात्र रस्ता मोकळा असतो.

यावर दोन पार्श्वभूमी ठेवण्याचा उपाय आहे. एक वरीलप्रमाणे शीघ्र व दुसरी मंद, जिच्यात चालू प्रतिमेचा वाटा ०.०००१ एवढाच असतो. याच हिशेबाने मंद पार्श्वभूमी पिकअपला सामावून घेण्यास सुमारे सव्वानऊ मिनिटे लावते. जे बिंदू मंद पार्श्वभूमीहून भिन्न, परंतु शीघ्र पार्श्वभूमीशी जुळणारे असतील, तेथे काहीतरी येऊन थांबले आहे असा अर्थ होतो. असे बिंदू वाहनाच्या आकाराएवढे भरताच इशारा द्यावा व ती जागा मोकळी होईपर्यंत तेथील मंद पार्श्वभूमी गोठवावी.

४. वेगमापन व वर्गीकरण

प्रतिमेत परस्परांपासून २० मीटर अंतरावर दोन काल्पनिक रेषा आखल्या व वाहनाने ते अंतर ३० चौकटींत कापले, तर १.२ सेकंदांचा काळ व ताशी ६० कि.मी. वेग मिळतो. एका चौकटीची चूक झाली तरी उत्तर सुमारे २ कि.मी.ने बदलते. म्हणून अंतर प्रत्यक्ष जमिनीवर मोजून घेणे अत्यावश्यक ठरते.

वर्गीकरण अधिक कठीण आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कधी तीन स्वतंत्र वाहने म्हणून मोजला जातो, तर शेजारून जाणाऱ्या दोन दुचाकी सावल्यांमुळे एकच वाहन ठरतात. ही चूक क्षुल्लक नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत मोटारीचे मूल्य १ धरून दुचाकीस ०.५ व ट्रॉलीसह ट्रॅक्टरला ४.५ एकक दिले आहेत. म्हणजे असा एक ट्रॅक्टर नऊ दुचाकींइतका रस्ता व्यापतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘योलो’सारख्या चेतापेशीजाल-आधारित पद्धती वर्गीकरण उत्तम करतात, परंतु शिकविताना दाखविलेलीच वाहने त्या ओळखतात. हैदराबादच्या आय.आय.आय.टी.ने २०१८ मध्ये सिद्ध केलेल्या भारतीय रस्त्यांच्या चित्रसंग्रहात रिक्षाला स्वतंत्र वर्ग द्यावा लागला, तो याच कारणाने. आपल्या भागातील ऊस-वाहतुकीची चित्रेही अशीच जमविली पाहिजेत.

५. उपयोग व मर्यादा

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ समाविष्ट होऊन अशा देखरेखीस कायदेशीर आधार मिळाला. परंतु थांबलेल्या वाहनाचा इशारा देण्यासाठी क्रमांकपट्टी वाचण्याची वा चालकाचा चेहरा टिपण्याची गरज नाही. तेव्हा ही माहिती साठवूही नये.

मर्यादाही स्पष्ट आहेत. धुके, पाऊस व समोरच्या दिव्यांचा झोत यांनी अचूकता घटते. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात चालकास दिसत नाही, तशी ती साध्या कॅमेऱ्यासही दिसत नाही. कॅमेरा हा परावर्तकांना वा वाहनतळाला पर्याय होऊ शकत नाही.

निष्कर्ष

वाहतूक निरीक्षणाच्या यंत्रणेचे मूल्यमापन केवळ वाहनमोजणीच्या अचूकतेवर करणे अपुरे आहे. वाहन थांबल्यापासून किती सेकंदांत इशारा मिळतो व तो महामार्ग पोलिसांपर्यंत किती वेळात पोहोचतो, हाही निकष हवा. ताशी ६० कि.मी. वेगाने येणारे वाहन १० सेकंदांत सुमारे १६७ मीटर अंतर कापते. एक कॅमेरा, एक संगणक व हाताने मोजणी करणारे विद्यार्थी एवढ्या साधनांवर परिसरातील महाविद्यालयांना या निकषाची चाचणी घेता येईल. ती दिवसा, रात्री व ऊस-हंगामात अशी तिन्ही वेळा घेणे उचित ठरेल.