मोठा पंजा, लहान मूठ

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असते. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा तीन सेंटिमीटर बाजूला जातो आणि दहाचे सात होतात. नवोदित नेमबाज याचे खापर हाताच्या थरथरीवर फोडतो. दोष पुष्कळदा मुठीचा असतो.

बहुतेकांची सुरुवात क्लबच्या सामायिक पिस्तुलावर होते, कारण स्वतःचे परदेशी पिस्तूल घेणे हा लाखाच्या वरचा खर्च आहे. क्लबच्या पिस्तुलाची मूठ बहुधा मध्यम आकाराची असते. पंजा रुंद आणि बोटे लांब असतील, तर बोटांची टोके मुठीला वळसा घालून तळहातालाच टेकतात. पकडीचा दाब समान राहत नाही व पिस्तूल हातात किंचित फिरते. तर्जनीही जास्त आत जाते. चाप पहिल्या पेराच्या मध्यावर टेकण्याऐवजी सांध्यापाशी येतो आणि सरळ मागे न जाता तिरका ओढला जातो.

स्पर्धेच्या पिस्तुलांना अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी लहान, मध्यम व मोठ्या मापांत मिळतात. तरीही माप तंतोतंत जुळत नाही. मग जिथे पोकळी राहते तिथे इपॉक्सी पुटी भरतात आणि ती ओली असतानाच पकड घेऊन हाताचा ठसा उमटवतात. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासतात. जिथे टोचते, तिथले लाकूड कानशीने अगदी थोडे काढतात. मूठ जमली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून रिकामे पिस्तूल उचलायचे आणि डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे.

चापाला हात त्यानंतरच लावायचा. मुठीच्या मागच्या अंगाला थर चढवला की तर्जनी आपसूक मागे येते, त्यामुळे आधी केलेली जुळणी वाया जाते. चापाचा स्क्रू सैल करून तो पुढे-मागे सरकवता येतो. मोठ्या हातासाठी तो पुढे घ्यावा लागतो.

मात्र नियमांची चौकट कडक आहे. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. मूठ जाड करताना ५० मिलिमीटरची मर्यादा आड येते ती इथेच. मनगट मोकळे हवे आणि तळहाताखालचा आधार वर वळलेला चालत नाही. चापाचा भार एअर पिस्तूलमध्ये किमान ५०० ग्रॅम व २५ मीटर प्रकारात १००० ग्रॅम लागतो. हात वेढणारी मूठ चालत असे ती ५० मीटर पिस्तूलमध्ये, पण २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते २५ मीटर पिस्तूलमध्ये. या प्रकारातील जलद टप्प्यात खाली झुकवलेला हात उचलून तीन सेकंदांत एक गोळी झाडायची असते. पकड दुरुस्त करायला तिथे वेळच नसतो.

मुठीचे काम घरी करता येते. चापाच्या आतील यंत्रणेला मात्र हौशी कानस लावू नये. भार कमी झालेले पिस्तूल तपासणीत बाद होते आणि धक्क्यानेही सुटू शकते. शिवाय बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. वाढत्या वयाच्या मुलांचा पंजा बदलत राहतो, तेव्हा जुनी पुटी खरवडून मूठ पुन्हा जुळवावी लागते.