उरलं किती, पुढचा तुकडा कुठला

एखादा प्रोग्राम फाइलमध्ये काही लिहितो तेव्हा तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मुख्यतः दोन गोष्टी सांगतो: मजकूर मेमरीत कुठल्या पत्त्यापासून आहे आणि तो किती बाइट आहे. पण मजकूर नेहमी एका जागी सलग नसतो. पाकिटावरचा मथळा एकीकडे, आतला मजकूर दुसरीकडे, शेवटची बेरीज तिसरीकडे. हे सगळं आधी एका जागी गोळा करायचं म्हणजे फुकटची नक्कल. म्हणून १९८३ मध्ये ४.२ बीएसडी युनिक्सने रीडव्ही आणि राइटव्ही हे दोन सिस्टिम कॉल आणले. त्यात एका पत्त्याऐवजी पत्ता-लांबीच्या जोड्यांची यादी द्यायची. लिनक्समध्ये एका कॉलमध्ये अशा १०२४ जोड्या देता येतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्याची सोय झाली, पण काम वाढलं ते कर्नलच्या आत. फाइलची पानं साधारण ४०९६ बाइटची. यादीतला पहिला तुकडा समजा १०० बाइटचा आणि दुसरा ९००० चा. पहिलं पान भरायला पहिला तुकडा पूर्ण लागतो आणि दुसऱ्यातले ३९९६ बाइट. दुसरं पान दुसऱ्या तुकड्याच्या मध्यापासून सुरू होतं. त्यामुळे आपण कितव्या तुकड्यात आहोत, त्यात किती आत शिरलो आहोत आणि एकूण किती उरलंय, हा हिशेब सतत जवळ ठेवावा लागतो. शिवाय प्रोग्रामने दिलेल्या पत्त्यावर कर्नल आंधळा विश्वास ठेवू शकत नाही. पत्ता चुकीचा असू शकतो किंवा त्या पत्त्याचं पान त्या क्षणी मेमरीत नसू शकतं. म्हणजे कुठलीही नक्कल अध्येमध्ये थांबू शकते.

हा हिशेब नीट बांधायची वेळ आली ती एका कोंडीमुळे. प्रोग्राम एखाद्या फाइलचं पान आपल्या मेमरीत जोडून घेऊ शकतो. आता त्याने तेच पान ‘इथून मजकूर घ्या’ म्हणून दिलं आणि लिहायलाही त्याच फाइलचं तेच पान सांगितलं, तर? कर्नल लिहिण्यासाठी त्या पानाला कुलूप लावतो आणि नक्कल करायला घेतो. मजकुराचं पान मेमरीत नाही असं दिसलं की ते आणायला निघतो, आणि आणण्यासाठी हवं असतं तेच कुलूप, जे त्याने स्वतःच लावलेलं आहे. तो स्वतःचीच वाट पाहत बसतो. यावरचा उपाय असा: कुलूप हातात असताना नवं पान आणायचंच नाही. जितकं जमेल तितकं उतरवायचं, अडलं तर कुलूप सोडायचं, पान आणायचं आणि अडलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करायचं. त्यासाठी ‘अडलेली जागा’ बाइटपर्यंत अचूक माहीत हवी. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीसाठी निक पिगिन यांनी बफरमधून होणारं लेखन दुरुस्त करताना आयओव्ही-इटर हा इटरेटर, म्हणजे यादीतून पुढे सरकत हा हिशेब ठेवणारी रचना, आणला, तो याच कामातून.

ही रचना काय करते ते एका उदाहरणाने पाहू. दिल्लीजवळच्या मानेसरला मारुती सुझुकीच्या कारखान्यात जून २०२५ मध्ये आवारातच रेल्वे साइडिंग सुरू झालं. तयार गाड्या तिथून रेल्वेने रवाना होतात. वाघिणीवर गाड्या चढवणाऱ्या माणसाला काय कळायला हवं? पुढची गाडी कुठली आणि अजून किती चढवायच्या. गाडी आवारातल्या कुठल्या कोपऱ्यातून आली, हे त्याला विचारावं लागू नये. आणि मध्येच काम थांबलं तर किती चढल्या, हे त्याला नेमकं सांगता यायला हवं. आयओव्ही-इटर फाइल सिस्टिमला एवढंच देते: ‘इतके बाइट उतरव’, ‘इतके पुढे सरक’, ‘उरले किती’. उतरवण्याचं फंक्शन किती बाइट खरोखर उतरले ते परत सांगतं. मला या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते, कारण अर्धवट यश ही इथे चूक मानलेली नाही, ते नेहमीचं उत्तर आहे.

२०१४ मध्ये, ३.१६ आवृत्तीत, कर्नलचे विकासक अल व्हिरो यांनी फाइल सिस्टिमच्या वाचन-लेखनाच्या मुख्य दारातच हा इटरेटर बसवला. मग त्यात आणखी प्रकार येत गेले. प्रोग्रामच्या मेमरीतले तुकडे, कर्नलच्या स्वतःच्या मेमरीतले तुकडे, थेट पानांची यादी, पुढे पानांच्या साठ्याचा झाड-नकाशा. फाइल सिस्टिमचा कोड मात्र बहुतेक तोच राहिला.

याचा एक फायदा सुरक्षेचा झाला. पूर्वी कर्नलला स्वतःचाच मजकूर फाइलमध्ये लिहायचा असला, तर तो सेट-एफएस नावाची युक्ती करायचा: थोडा वेळ पत्त्यांची मर्यादा सैल करून ‘हा पत्ता प्रोग्रामचाच समजा’ असं सांगायचा. काम झाल्यावर मर्यादा परत घट्ट करायला विसरलं की सामान्य प्रोग्रामला कर्नलच्या मेमरीत लिहिता यायचं. अशा विसरण्यातून खरोखरच भोकं पडली. त्यातलं एक २०१० मध्ये गाजलं. कर्नलच्या मेमरीसाठी इटरेटरचा वेगळा प्रकार असल्यावर या सोंगाची गरज उरली नाही. क्रिस्टोफ हेलविग यांच्या कामामुळे २०२० च्या ५.१० आवृत्तीत एक्स-८६ संगणकांवरून सेट-एफएस गेलं.

बाहेरून सोपं झालं म्हणजे गुंता संपला असं नाही. तो एका जागी गोळा झाला. प्रत्येक प्रकारासाठी फिरण्याची रीत वेगळी, आणि ती सगळी एका फाइलमधल्या दाट मॅक्रोंमध्ये कोंबलेली होती. मॅक्रो म्हणजे संकलनाआधी मजकूर जसाच्या तसा चिकटवणं. चूक कुठल्या ओळीत आहे तेही नीट कळत नाही. डेव्हिड हॉवेल्स यांनी पुढे ते काढून साधी इनलाइन फंक्शनं केली. त्याआधी, २०२२ मध्ये, ६.० आवृत्तीत उलट्या दिशेचा एक बदल झाला: एकच सलग तुकडा असेल तर त्यासाठी यूबफ हा स्वतंत्र प्रकार. प्रकार वाढवून सोपेपणा कसा येतो? कारण साध्या वाचन-लेखनात तुकडा बहुधा एकच असतो. त्याच्यासाठी यादी बांधणं, मोजणं, चालणं हे सगळं वाया जात होतं.

नावांचंही तसंच. इटरेटरची दिशा पूर्वी ‘रीड’ आणि ‘राइट’ या शब्दांनी सांगायचे. डिस्कवरून वाचताना डेटा इटरेटरमध्ये जातो, मग त्याला वाचन म्हणायचं की लेखन? अनुभवी लोकही उलटं लिहून बसत. म्हणून व्हिरो यांनी ‘उगम’ आणि ‘मुक्काम’ अशा अर्थाची नावं आणली: डेटा इथून निघतो की इथे पोचतो, एवढाच प्रश्न. या बदलाने वेगात काही फरक पडला नाही, पण मी अशा दुरुस्तीला वेगाच्या दुरुस्तीइतकंच मोल देईन.

आणि काढून टाकणं. पाइपसाठी (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे डेटा नेणाऱ्या नळीसाठी) २०१६ मध्ये आलेला प्रकार इतरांपेक्षा वेगळा वागायचा. तो मेमरी स्वतः मिळवायचा, मागे सरकायचं म्हटलं की मिळवलेली पानं सोडून द्यायचा, आणि त्याच्या अपवादांसाठी सगळीकडे अटी पेरलेल्या होत्या. २०२३ मध्ये स्प्लाइसचं, म्हणजे फाइल आणि पाइप यांच्यात डेटा थेट हलवण्याचं, काम नव्याने बांधून तो प्रकार पूर्ण हटवला.

एक सांधा मात्र अजून उघडा आहे. कधी फाइल सिस्टिमला नक्कल नको असते, हार्डवेअरला थेट पानंच द्यायची असतात. प्रोग्रामची पानं असतील तर काम चालू असेपर्यंत ती खिळवून ठेवावी लागतात. कर्नलची असतील तर खिळवायची नसतात, ती टिकवणं बोलावणाऱ्याचं काम. पानं काढून देणारं नवं फंक्शन प्रकार पाहून हा फरक सांभाळतं. पण काम संपल्यावर खिळे काढायचे की नाही, हे पानं घेणाऱ्याला ठाऊक लागतं, आणि त्यासाठी त्याला इटरेटरकडे ‘तू खिळवशील का?’ असं वेगळ्या फंक्शनने विचारावं लागतं. मेमरी कुठून आली, ही गोष्ट त्या एका प्रश्नापुरती अजून बाहेर डोकावते.