लाइटमधले मुके ‘जी-एच’

मैत्रिणींनो, मुलांच्या डिक्टेशनच्या वहीत ‘लाइट’ या शब्दावर लाल फुली दिसली, तर रागावण्याआधी त्यांनी काय लिहिलंय ते नीट बघा. बहुतेक वेळा एल-आय-टी-ई असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे कानांनी जे ऐकलं, तेच हातानं उतरवलं! ‘जसं बोलावं तसं लिहावं’ ही सवय मुलांना मराठीनंच लावलेली असते. तेव्हा ‘एवढंही येत नाही का?’ म्हणून पाठीत धपाटा घालण्याजोगा हा गुन्हा नव्हे.

आमच्या ऊर्जानगरात तर या शब्दाची मोठी मौज आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. वसाहतीतल्या घराघरांतून कुणी ना कुणी पाळीवर लाइट तयार करायला जातं, आणि घरात मात्र ‘लाइट’च्या स्पेलिंगवरून रडारड!

त्यातून आपल्या मनात एक भीती असते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी पुष्कळ जणींनी एबीसीडी पाचवीतच गिरवली. त्यामुळे ‘मला कुठं येतं इंग्रजी? लावून टाकू शिकवणी,’ असं आपण चटकन म्हणतो. मुलंही ते ऐकतात आणि ‘आईला काही येत नाही’ हे मनाशी पक्कं करून टाकतात. पण खरं सांगू? हे मुके जी-एच समजावून सांगायला मराठी येणाऱ्या आईसारखं दुसरं कुणी नाही.

मुळात हे जी-एच मुके नव्हतेच. जुने इंग्रज तिथं घसा खाकरल्यासारखा, ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला आवाज काढत. त्यांचे भाऊबंद जर्मन लोक रात्रीला आजही ‘नाख्ट’ आणि आठला ‘आख्ट’ म्हणतात. १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना घातला. पुढं छापील स्पेलिंग हळूहळू घट्ट बसत गेलं. बोलण्यातून मात्र तो आवाज गळून गेला. माणसं गेली, पण दारावरची पाटी तशीच राहिली, तसं झालं बघा!

आता गंमत पाहा. हा हरवलेला आवाज आपल्याकडं सापडतो. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा. त्यामुळे ‘नाइट’चा चुलतभाऊ आहे आपला ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्या व्रताला आपण नक्त म्हणतो ना, तोच. ‘एट’ म्हणजे अष्ट. ‘वेट’ म्हणजे वजन, त्याचं नातं वाहणे या अर्थाच्या ‘वह्’ धातूशी. हलकं या अर्थाचा जो ‘लाइट’, तो तर आपला ‘लघु’च! दिव्याचा ‘लाइट’ वेगळा. तो चमकणे या अर्थाच्या ‘रुच्’ धातूचा नातेवाईक. म्हणजे इंग्रजीत जिथं जी-एच गप्प बसलेत, तिथं आपल्याकडं क, ष, ह, घ किंवा च बोलतो आहे.

फरक एवढाच, की आवाज बदलला तेव्हा आपण लिहिणंही बदललं. ‘अष्ट’मधला ष गेला आणि आपण सरळ ‘आठ’ लिहू लागलो. इंग्रजांनी जुनं अक्षर जपून ठेवलं. हे एकदा सांगितलंत, की जी-एच ही मुलांना शिक्षा न वाटता गोष्ट वाटू लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचं? मसाल्याच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी यांच्या वेगवेगळ्या वाट्या असतात. तशाच वहीच्या एका पानावर चार वाट्या काढा.

पहिली वाटी आय-जी-एच-टीची. आवाज नेहमी ‘आइट’: लाइट, नाइट, राइट, फाइट, टाइट, ब्राइट.

दुसरी ई-आय-जी-एचची. आवाज ‘ए’: एट, वेट, नेबर. यात ‘हाइट’ तेवढा वांड, तो लाल शाईनं लिहा.

तिसरी वाटी ‘ऑट’ची: बॉट, ब्रॉट, थॉट यांत ओ-यू-जी-एच-टी, कॉट, टॉट यांत ए-यू-जी-एच-टी.

चौथी ‘फ’ची, इथं जी-एच मुके नाहीत: रफ, टफ, इनफ, लाफ आणि खोकला या अर्थाचा कॉफ.

‘दो’ आणि ‘थ्रू’ हे कुठल्याच वाटीत बसत नाहीत. ते पानाच्या कडेला लिहून ठेवा. मात्र काइट, बाइट, व्हाइट यांत जी-एच नाहीत, हे आधीच बजावून सांगा. नाहीतर उत्साहाच्या भरात मुलं पतंगालाही जी-एच चिकटवतील!

रोज एकाच वाटीतले तीन शब्द पुरेत. पोळ्या लाटता लाटता विचारा, पण पाठ करायला लावू नका. ‘हा कुठल्या वाटीतला?’ एवढंच विचारा. शेजारी गोंडी किंवा तेलुगू बोलणारी मुलं असतील, तर त्यांनाही खेळात घ्या. त्या भाषा दुसऱ्या कुळातल्या, पण अष्ट आणि लघु तेलुगूतही पोचलेले आहेत.

आणि तिसऱ्या वाटीत एक शब्द आठवणीनं घाला: डॉटर. ए-यू-जी-एच. आपली ‘दुहिता’ तीच ही. दुहितेतला ‘ह’ म्हणजेच डॉटरमधले मुके जी-एच. कोकणीत मुलीला आजही ‘धूव’ म्हणतात, तीही हिचीच बहीण. हा शब्द लेकीला तुम्हीच शिकवा, शिकवणीवर सोडू नका.