योसेमिटी : दोन रात्रींची सहल, पाच महिन्यांची आखणी

कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांत उन्हाळी सहलीचा विषय निघाला की योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे नाव हमखास पुढे येते. भारतातून आई-वडील आलेले असतात, मुलांच्या शाळांना सुटी लागलेली असते आणि शुक्रवारची एक रजा टाकली की सलग तीन दिवस हाती येतात. सॅन फ्रान्सिस्कोहून अंतर सुमारे १९५ मैल, म्हणजे मोटारीने चार ते पाच तास. लॉस एंजेलिसहून साधारण सहा तास. नकाशावर सारे सोपे दिसते. प्रत्यक्षात मात्र तंबूसाठी जागा मिळत नाही, ज्या धबधब्यासाठी एवढा प्रवास केला तो कोरडा निघतो किंवा तीन दिवसांतला निम्मा वेळ मोटारीतच जातो.

या उद्यानाचे क्षेत्रफळ जवळजवळ ३,००० चौरस किलोमीटर आहे. एल कॅपिटन, हाफ डोम आणि योसेमिटी धबधबा ज्या दरीत आहेत, ती योसेमिटी व्हॅली हा त्याचा एक लहानसा भाग होय. व्हॅलीपासून ग्लेशियर पॉइंटला जाण्यास सुमारे एक तास लागतो, मारिपोसा ग्रोव्हला सव्वा तास आणि टुओलमी मेडोजला दीड तास. म्हणून दोन रात्रींच्या सहलीत काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. ही निवड घरी बसून केली नाही, तर ती तेथे घाईघाईने करावी लागते. आणि डोंगरात घाई महागात पडते.

धबधब्यांचा हंगाम

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या मनात धबधबा आणि पावसाळा यांचे नाते पक्के असते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात पाणी कोसळते, हा लहानपणापासूनचा अनुभव. सिएरा नेवाडा पर्वतराजीत हे गणित वेगळे आहे. येथे उन्हाळा कोरडा असतो आणि धबधब्यांना पाणी मिळते ते हिवाळ्यात साठलेल्या बर्फाचे. मे आणि जूनच्या सुरुवातीला ऊन वाढून बर्फ वितळू लागला की धबधबे भरात येतात. २,४२५ फूट उंचीचा योसेमिटी धबधबा ऑगस्टपर्यंत बहुधा आटतो. त्यामुळे केवळ सुटीच्या सोयीने ऑगस्टमध्ये गेलेल्या कुटुंबाला अनेकदा ओल्या डागांचा उघडा कातळ पाहून परतावे लागते.

याउलट उंचावरील भाग पाहायचा असेल, तर मे महिना उपयोगाचा नाही. टुओलमी मेडोजकडे नेणारा टायोगा रस्ता आणि ग्लेशियर पॉइंटचा रस्ता हे दोन्ही साधारण नोव्हेंबरपासून बर्फामुळे बंद असतात. ग्लेशियर पॉइंटचा रस्ता बहुधा मे महिन्याच्या अखेरीस उघडतो. टायोगा रस्त्याला त्याहूनही उशीर होऊ शकतो. दोन्हींचा मेळ साधायचा असेल, तर जूनचा पूर्वार्ध हा बऱ्याच वर्षी सोयीचा काळ ठरतो. उंचीचाही विचार करावा. व्हॅली सुमारे ४,००० फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी खालीच. टुओलमी मेडोज मात्र ८,६०० फुटांवर, कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळजवळ हजार मीटर उंच आहे. सोबत हृदयाचा वा श्वसनाचा त्रास असलेले ज्येष्ठ असतील, तर तेथे मुक्काम ठरवण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

तंबूची जागा कशी मिळते

महाराष्ट्रातील गडांवर भटकलेल्यांना एखाद्या देवळात वा गुहेत पथारी टाकून रात्र काढण्याची सवय असते. येथे तशी मोकळीक नाही. ठरलेल्या तळावर आरक्षण असल्याखेरीज तंबू ठोकता येत नाही आणि रस्त्याकडेला मोटारीत झोपण्यासही मनाई आहे.

व्हॅलीत अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स हे तीन तळ मोटारीने येणाऱ्या कुटुंबांसाठी सोयीचे आहेत. त्यांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. अपर पाइन्ससाठी दर महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सात वाजता, पाच महिन्यांनंतरच्या एका महिन्याच्या जागा खुल्या होतात. उदाहरणार्थ, १५ जून ते १४ जुलै या काळातील जागा १५ जानेवारीला मिळतात. मेमोरियल डेच्या सुटीत जायचे असेल, तर १५ डिसेंबरचीच सकाळ गाठावी लागते. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या जागा काही मिनिटांत संपतात. म्हणून संकेतस्थळावरील खाते आदल्या दिवशी तयार ठेवावे, दोन-तीन पर्यायी तारखा ठरवाव्यात आणि शक्य असल्यास रविवार ते मंगळवार असा मधल्या वारांचा विचार करावा.

एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसे राहू शकतात. यात मुलेही मोजली जातात. दोन कुटुंबे मिळून जाणार असतील, तर एका जागेत भागवून घेण्याचा बेत करू नये.

आरक्षण हुकले म्हणून सहल संपत नाही. रद्द झालेल्या जागा संकेतस्थळावर पुन्हा दिसू लागतात. ठरावीक वेळी रोज पाहणाऱ्याला त्या मिळण्याची शक्यता असते. गिर्यारोहकांचा प्रसिद्ध तळ असलेल्या कॅम्प फोरच्या जागा मुख्य हंगामात एक आठवडा आधी खुल्या होतात. तेथे मोटारीशेजारी तंबू लावता येत नाही आणि जागाही माणशी दिली जाते. याखेरीज उद्यानाला लागून असलेल्या सिएरा, स्टॅनिस्लॉस व इन्यो या राष्ट्रीय वनांतही तळ आहेत. तेथे राहून दिवसा उद्यानात येता येते. मात्र जाण्या-येण्याचा वेळ हिशेबात धरावा.

प्रवेश आणि शुल्क

खासगी मोटारीसाठी प्रवेशशुल्क ३५ डॉलर असून ते सात दिवस चालते. सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठीचा वार्षिक पास ८० डॉलरचा आहे. १ जानेवारी २०२६ पासून एक महत्त्वाचा बदल झाला आहे. अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या, १६ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या पाहुण्यांना योसेमिटीसह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. भेटीला आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनी हा खर्च आधीच धरावा आणि येथील रहिवाशांनी आपले सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे.

केवळ प्रवेशासाठीही वेळेचे आरक्षण लागते का, हे दर वर्षी बदलत आले आहे. २०२३ मध्ये ते नव्हते. २०२४ मध्ये ठरावीक दिवशी होते. निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम पाहावा. तळाचे आरक्षण ज्यांच्यापाशी असते, त्यांना हे वेगळे आरक्षण लागत नाही.

तीन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी पहाटे निघून दुपारी व्हॅलीत पोहोचणे उत्तम. वाहनांची गर्दी टळते आणि अंधार पडण्यापूर्वी तंबू उभा राहतो. वाटेत टनेल व्ह्यू येथे थांबल्यास एल कॅपिटन, हाफ डोम आणि ब्राइडलव्हेल धबधबा एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. ६२० फुटी ब्राइडलव्हेलच्या पायथ्याची वाट लहान आहे. त्या दिवशी याहून अधिक काही ठरवू नये.

दुसरा दिवस पूर्ण व्हॅलीसाठी ठेवावा. मोटार तळावरच ठेवून उद्यानाची मोफत बस वापरावी. पार्किंग शोधण्यात सकाळ जात नाही. चालण्याची सवय असलेल्यांनी हॅपी आइल्सहून मिस्ट ट्रेल धरावा. व्हर्नल धबधब्यासमोरच्या पुलापर्यंत जाऊन येणे सुमारे १.६ मैलांचे आहे. पुढे ओल्या दगडी पायऱ्या सहाशेहून अधिक आहेत आणि धबधब्याचे तुषार अंगावर येतात. ज्येष्ठांनी व लहान मुलांनी तेवढ्या वेळात लोअर योसेमिटी फॉलची एक मैलाची सपाट फेरी आणि कुक्स मेडोचे कुरण पाहावे. दोन गटांनी वेगवेगळे जाऊन दुपारी एकत्र भेटणे, हे साऱ्यांना एकाच वाटेवर ओढत नेण्यापेक्षा सुखाचे असते.

हाफ डोमचा माथा या बेतात बसवू नये. जाऊन-येऊन १४ ते १६ मैल, सुमारे ४,८०० फुटांची चढाई आणि शेवटी तारांना धरून चढावयाचा उघडा कातळ असे त्याचे स्वरूप आहे. त्यासाठी सोडतीने मिळणारा परवाना लागतो आणि मुख्य सोडत मार्चमध्येच होते.

दुपारचा वेळ व्हॅलीतील संग्रहालयासाठी द्यावा. ही दरी निर्मनुष्य अरण्य नव्हती. अवाह्नीची लोक येथे पिढ्यानपिढ्या राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावण्यासाठी येथे प्रवेश केला. त्यानंतर तेराच वर्षांनी, १८६४ मध्ये, अध्यक्ष लिंकन यांनी ही दरी आणि मारिपोसा ग्रोव्ह जतनासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. संग्रहालयामागे अवाह्नीची वस्तीची पुनर्रचना केलेली आहे. ती पाहिल्यावर समोरचे कडे थोडे वेगळे दिसू लागतात.

तिसऱ्या दिवशी एकच ठिकाण निवडावे आणि ते परतीच्या दिशेने असावे. लॉस एंजेलिसकडे परतणाऱ्यांना दक्षिणेकडील मारिपोसा ग्रोव्ह वाटेवर पडते. तेथे महाकाय सिक्वोयाचे सुमारे ५०० पूर्ण वाढलेले वृक्ष आहेत. बे एरियाकडे जाणाऱ्यांनी मात्र त्यासाठी उलट दिशेला न जाता क्रेन फ्लॅटजवळचे टुओलमी ग्रोव्ह पाहावे. तेथे वृक्ष थोडे आहेत; परंतु अडीच मैलांच्या फेरीत ते भेटतात. परतताना चढ आहे, एवढे लक्षात ठेवावे. आई-वडिलांना फार चालणे नको असेल, तर ग्लेशियर पॉइंट हा चांगला पर्याय आहे. ७,२१४ फुटांवरून दिसणारी दरी मोटारतळापासून थोड्याच पावलांवर आहे.

शिदोरी आणि अस्वल

उद्यानात काळी अस्वले आहेत. ती माणसाच्या मागे लागत नाहीत, अन्नाच्या वासामागे लागतात. १९९८ मध्ये येथे अस्वलांच्या उपद्रवाच्या १,५८४ घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यानंतर अन्न साठवण्याचे नियम काटेकोर झाले आणि ही संख्या झपाट्याने घसरली. प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते. खाण्याचा वा वासाचा प्रत्येक पदार्थ तिच्यात ठेवणे बंधनकारक आहे. नियम मोडल्यास दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

मराठी शिदोरीत वासाच्या वस्तू पुष्कळ. भाजणी, मेतकूट, चिवडा, लाडू, लोणच्याची बरणी, मसाल्याचा डबा, सारे पेटीत जाते. टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, मुलांचे वाइप्स आणि रिकामी सांडलेली डबीसुद्धा अन्नासारखीच समजावी. रात्री मोटारीत काहीही ठेवू नये. मुलांच्या आसनाखाली सांडलेला चिवडाही झाडून काढावा. पेटी सुमारे ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असते. मोठा कूलर नेण्यापूर्वी ही मापे पडताळावीत.

अन्नाला चटावलेले अस्वल धीट होते आणि शेवटी बऱ्याचदा त्यालाच मारावे लागते. हा नियम मोटारीच्या काचेइतकाच अस्वलाच्या जिवासाठी आहे. रस्त्याकडेला लाल अस्वलाचे चित्र असलेले फलक दिसतात. त्या ठिकाणी अस्वलाला वाहनाची धडक बसलेली असते. तेथे वेग कमी करावा.

खरा धोका पाण्याचा

अस्वलाची भीती सर्वांना वाटते; पाण्याची वाटत नाही. मर्सेड नदी मे-जूनमध्ये शांत दिसते. पण ते पाणी नुकत्याच वितळलेल्या बर्फाचे असते. काही मिनिटांत हातपाय बधिर होतात आणि पृष्ठभागाखालचा ओढा चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. जुलै २०११ मध्ये व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावर कठडा ओलांडून पाण्यात गेलेले तिघे कड्यावरून वाहून गेले. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट कोरडा असतानाही घसरतो. कठड्याच्या पलीकडे छायाचित्रासाठी जाऊ नये, मुलांचा हात धबधब्यांच्या माथ्यावर सोडू नये आणि पाय धुण्यासाठीही वेगवान प्रवाहात उतरू नये.

निघण्यापूर्वी

व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही; एल पोर्टल, क्रेन फ्लॅट किंवा वावोना येथे टाकी भरून घ्यावी. मोबाइलला अनेक ठिकाणी संपर्क नसतो, म्हणून नकाशे आणि आरक्षणाची प्रत आधीच उतरवून घ्यावी. उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो. आई-वडिलांसाठी जाड स्लीपिंग बॅग, खाली घालायला गादी आणि कानटोपी न्यावी. व्हॅलीत मे ते सप्टेंबर या काळात शेकोटी संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळेतच पेटवता येते. घरून सरपण नेऊ नये; त्यातून झाडांची कीड पसरते.

घरी राहणाऱ्या एखाद्या मित्राला तळाचे नाव, जागेचा क्रमांक आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. आदल्या रात्री रस्त्यांची स्थिती पाहावी. एखादा रस्ता बंद असेल, तर त्या बाजूचे ठिकाण यादीतून सरळ काढून टाकावे. त्याच्या जागी दुसरे शोधू नये. तो वेळ नदीकाठच्या कुरणात आई-वडिलांसोबत बसण्यात गेला, तरी सहल अपुरी ठरत नाही.