न सुटलेले गणित

वर्गात एखादे मूल असे असते, की शिक्षकाचा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याचा हात वर जातो. नेमलेला धडा त्याला पुरत नाही. न नेमलेलेही ते वाचून येते. शिक्षकांना त्याचे कौतुक वाटते, आईबापांना अभिमान वाटतो आणि हे मूल पुढे कोण होणार याची भाकिते शेजारीपाजारीही करू लागतात. परंतु अशा मुलाला ओळखणे म्हणजे नेमके काय ओळखणे, याचा विचार फारसा होत नाही. त्यावर प्रकाश टाकणारी हैदराबादची एक हकिकत आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

सरोजिनी चट्टोपाध्याय हिचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबादेत एका बंगाली घराण्यात झाला. तिचे वडील अघोरनाथ हे एडिंबरो विद्यापीठाचे डॉक्टर ऑफ सायन्स होते. आठ भावंडांत ही थोरली. इंग्रजी बोलायला ती तयार होईना, म्हणून नवव्या वर्षी वडिलांनी तिला दिवसभर एका खोलीत एकटीला कोंडले. त्यांनी तिला केलेली ही एकमेव शिक्षा. ती बाहेर आली ती इंग्रजी बोलतच, आणि पुढे वडिलांशी दुसऱ्या भाषेत ती कधी बोलली नाही! बाराव्या वर्षी ती मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाली आणि तिचे नाव सर्वतोमुखी झाले.

मुलीने थोर गणिती किंवा शास्त्रज्ञ व्हावे, असा वडिलांचा निश्चय होता. पण ती अकरा वर्षांची असताना एक गंमत घडली. बीजगणिताचे एक उदाहरण सोडवीत ती बसली होती. उत्तर काही येईना. त्याऐवजी एक संबंध कविताच तिला सुचली आणि तिने ती लिहून काढली. तेराव्या वर्षी तिने सहा दिवसांत १३०० ओळींचे काव्य रचले. प्रकृती बरी नाही, पुस्तकाला हात लावू नकोस, असे डॉक्टरांनी बजावले, तर त्यांच्यावरच्या रागाने तिने २००० ओळींचे नाटक लिहिले! परिणामी प्रकृती ढासळली ती कायमची, आणि नियमित शिक्षण थांबले. ज्या आवेगातून काव्य आले, त्याच आवेगाने शरीरही पोळले. हुशार मुलांच्या पालकांनी ही दुसरी बाजू विसरू नये.

१८९५ मध्ये निजाम सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ही सोळा वर्षांची मुलगी इंग्लंडला गेली. लंडनचे किंग्ज कॉलेज आणि नंतर केंब्रिजचे गर्टन कॉलेज येथे ती शिकली. तेथे एडमंड गॉस नावाच्या नामांकित समीक्षकाशी तिचा परिचय झाला. तिच्याविषयीचे आपले निरीक्षण गॉस यांनी पुढे तिच्या १९१२ च्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. तिची बौद्धिक परिपक्वता आणि अफाट वाचन पाहून ते थक्क झाले होते. परंतु तिने कवितांचे बाड हाती दिले, तेव्हा मात्र त्यांची निराशा झाली. रचना सफाईदार, व्याकरण निर्दोष. पण त्यांत तिचे स्वतःचे काहीच नव्हते. टेनिसन आणि शेली यांचे ते पडसाद होते. त्यांतून ख्रिस्ती शरणभावाचा सूरही उमटत होता की काय, अशी शंका गॉस यांना आली.

त्यांनी तिला स्पष्ट सांगितले, की हे सारे टाकून दे. इंग्लंडमधील पक्षी आणि खेड्यातील चर्चची घंटा यांवर लिहू नकोस. तुझ्या दख्खनचे डोंगर, बागा, मंदिरे, तेथील माणसे आम्हांला दाखव. चर्चची घंटा आम्हांला किती प्रिय आहे, हे सांगावयास नको. तरीही गॉस यांचेच खरे होते, असे आम्ही म्हणतो. न अनुभवलेली भक्ती केवळ उसनी घेतली, तर ती देवालाही पोहोचत नाही. मग कवितेत ती खरी कशी वाटावी?

मुलीने रुसवा धरला नाही. १८९८ मध्ये ती पदवी न घेताच परतली; पण १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या संग्रहात पालखीचे भोई आले, विणकर आले, कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळीही आले. हीच मुलगी म्हणजे सरोजिनीबाई नायडू. १९२५ साली काँग्रेसच्या कानपूर अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या आणि १९४७ मध्ये संयुक्त प्रांताच्या राज्यपाल. त्यांना सार्वजनिक कार्याची ओढ लावणाऱ्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले प्रमुख होते. गोखले हे फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले होते. वडिलांची गणिताची हौस अशी अनपेक्षित वाटेने जवळ आली! पण या गणितज्ञाने तिच्याकडे उदाहरणे मागितली नाहीत. तिची वाणी देशासाठी मागितली.

अघोरनाथांनी मुलीची बुद्धी ओळखली, हे थोडे नव्हे. त्या काळी किती बापांनी ओळखली असती? परंतु त्या बुद्धीचा कल त्यांनी स्वतःच ठरवून टाकला होता. गॉस यांनी आधी पाहिले, मग दोष दाखविला. आणि दोष दाखविताना तिच्यातील खरे सामर्थ्य कोठे आहे, तेही सांगितले. केवळ वाहवा केली असती, तर ती एक चतुर नक्कलकार राहिली असती.

तालंतांच्या दाखल्यात कोणाला किती द्यावे, हे धन्याने ठरविले, चाकरांनी नव्हे. आपल्या गावांत मात्र दहावीचा निकाल लागला, की गुणांच्या आकड्यावरून शाखा ठरते आणि मुलाला विचारण्याचे राहून जाते. आईबापांनो, प्रवेशाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एकदा शाळेत जा. “किती गुण पडतील?” हे मास्तरांना विचाराच, पण त्याबरोबर “कोणी न सांगता आमचे लेकरू काय करीत बसते?” हेही विचारा. त्याच्या वहीत एखादे गणित अर्धवट राहिलेले दिसले, तर ओरडण्यापूर्वी शेजारी काय लिहिले आहे, तेही वाचून पाहा.