कोड खुला असला, तरी कारण शोधावं लागतं

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता-बदलता येतो) सांभाळणाऱ्यांना सगळा कोड पाठ असतो, असा अनेकांचा समज असतो. कोड समोरच असल्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण कोडवरून काय घडतं ते कळतं. एखादी ओळ तशीच का लिहिली, हे क्वचितच कळतं. म्हणून दुरुस्तीआधी जुन्या नोंदी धुंडाळाव्या लागतात.

सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते; ती कशी झाली, हे फेरफार नोंदींवरून समजतं. कोडचंही तसंच आहे. लिनक्स कर्नलच्या (संगणक प्रणालीचा गाभा) अशा नोंदी २००५पासून ‘गिट’ या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवल्या जातात. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक ओळ शेवटची कुणी, कधी आणि कोणत्या कमिटमध्ये (बदलाची नोंद) बदलली ते दाखवते. बिघाड कधी शिरला हेच माहीत नसेल, तर ‘गिट बायसेक्ट’ वापरतात. त्यात प्रत्येक चाचणीनंतर संशयित बदल निम्म्यावर येतात. हजार बदलांतून नेमका बदल साधारण दहा चाचण्यांत हाती लागतो.

म्हणून बदलामागचं कारण नीट लिहून ठेवणं कोड लिहिण्याइतकंच मोलाचं आहे. मूळ लेखक प्रकल्प सोडून गेला, तरी पुढच्या माणसाला त्या नोंदीचाच आधार असतो.